सेरेना बोलत राहिली म्हणून वाचली



आरोग्याच्या पानावर या वेळी टेनिसपटूची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या वस्तीत टेनिसचे मैदान नाही. आपल्या मुलींनी टेनिसची रॅकेट पाहिली असेल तर ती दुकानाच्या काचेतून. तरीही आम्ही सेरेना विल्यम्स हिची कारकीर्द निवडली, त्याला कारण आहे. एकेरीची २३ मोठी विजेतेपदे मिळवलेली, पैसा, नाव आणि चांगले रुग्णालय सगळे हाताशी असलेली ही बाई बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी श्वास पुरत नसल्याचे सांगत होती, आणि तिच्याजवळच्या नर्सला ते खरे वाटले नाही. जिचे शरीर साऱ्या जगाने टीव्हीवर धावताना पाहिले, तिलाच आपल्या शरीराविषयी पुन्हा पुन्हा सांगावे लागले. ती सांगत राहिली म्हणून आज जिवंत आहे. आपल्या घरातल्या बाळंतिणीसाठी या गोष्टीत शिकण्यासारखे बरेच आहे.

कॉम्प्टनच्या मैदानावर

सेरेनाचा जन्म २६ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. ती लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन या गावी राहायला आले. लॉस एंजेलिसला लागून असलेले हे गाव तेव्हा टोळीयुद्ध आणि गोळीबारासाठी बदनाम होते. वडील रिचर्ड टेनिसचे प्रशिक्षक नव्हते. पुस्तके वाचून आणि व्हिडिओ पाहून ते स्वतः खेळ शिकले आणि मग व्हीनस व सेरेना या दोघी मुलींना सार्वजनिक मैदानावर शिकवू लागले. आई ओरॅसीन याही मुलींना शिकवीत. त्या पेशाने नर्स होत्या. मोठी बहीण येटुंडे हीसुद्धा नर्स झाली. २००३ साली याच कॉम्प्टनमध्ये येटुंडे गोळीबारात मरण पावली. सेरेनाच्या यशामागे हे दुःखही आहे.

सेरेना १९९५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, व्यावसायिक खेळाडू झाली. टेनिसमध्ये वर्षाला चार सर्वांत मोठ्या स्पर्धा असतात : ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन. त्यांना ग्रँड स्लॅम म्हणतात. १९९९ साली सतरा वर्षांच्या सेरेनाने अमेरिकन स्पर्धा जिंकली. त्याआधी ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी काळी स्त्री एकच होती, अल्थिया गिब्सन. दक्षिण कॅरोलिनातील कापसाच्या शेतावर राबणाऱ्या आई-बापांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली आणि १९५६, १९५७, १९५८ अशी सलग तीन वर्षे मोठ्या स्पर्धा जिंकली. तिच्यानंतर सेरेना येईपर्यंत मध्ये ४१ वर्षे गेली. त्या काळात काळ्या मुलींच्या अंगात ताकद नव्हती, असे कोण म्हणेल? मैदान, प्रशिक्षक, क्लबचे सभासदत्व आणि पैसा दुसऱ्यांच्या हातात होता.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे दुःख आपल्या चळवळीला परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि काळ्यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. म्हणून सेरेनाची गोष्ट आम्ही पाहुण्याची म्हणून सांगत नाही.

यश मिळाले म्हणून अपमान थांबला नाही. २००१ साली इंडियन वेल्स या कॅलिफोर्नियातील स्पर्धेत अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी एकोणीस वर्षांच्या सेरेनाची सतत हुर्यो उडवली. आदल्या फेरीत व्हीनसने दुखापतीमुळे माघार घेतली होती आणि बहिणींचे निकाल वडील ठरवतात, असा संशय लोकांनी पसरवला होता. स्टँडमधून वर्णद्वेषी शिव्या आल्याचे वडिलांनी सांगितले. सेरेना तो सामना जिंकली, पण पुन्हा त्या स्पर्धेत पाय ठेवायला २०१५ साल उजाडले. तिच्या दंडांवर, मांड्यांवर, ‘पुरुषासारख्या’ दिसण्यावर तर कारकीर्दभर टीका झाली. ज्या शरीराने ती जिंकत होती, त्याच शरीराची चेष्टा.

पहिला इशारा : पायाला जखम, फुप्फुसात गुठळी

आता आरोग्याच्या मुद्द्याकडे येऊ. जुलै २०१० मध्ये विम्बल्डन जिंकल्यावर काही दिवसांतच जर्मनीतील म्युनिक शहरात एका उपाहारगृहात सेरेनाचा पाय फुटक्या काचेवर पडला. जखम खोल होती. पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक आठवडे पाय बांधलेला, हालचाल कमी. २०११ च्या सुरुवातीला तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. जीवावरचे दुखणे होते. पायाला लागले आणि फुप्फुसात बिघडले, हे कसे?

आपले रक्त शिरांतून वाहत असते तोवर पातळ राहते. जखम झाली की ते गोठते. हा गुण नसता तर साध्या कापण्यानेही माणूस दगावला असता. पण तीन परिस्थितींत रक्त जखमेबाहेर, शिरेच्या आतच गोठू लागते. पहिली, रक्ताचा वेग मंदावतो, म्हणजे माणूस दिवसेंदिवस पडून राहतो किंवा तासन्‌तास एकाच जागी बसून प्रवास करतो. दुसरी, शस्त्रक्रियेत किंवा अपघातात शिरेला इजा होते. तिसरी, रक्तातच गोठण्याचा गुण वाढतो. ही गुठळी बहुधा पोटरी, मांडी किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत तयार होते. पाय एका बाजूने सुजतो, दुखतो. त्या गुठळीचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकतो. नळात कचरा अडकावा तसे. मग फुप्फुसाच्या त्या भागात रक्त पोचत नाही, धाप लागते, छातीत कळ येते. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत जीव जातो.

सेरेना त्यातून उठली. जून २०११ मध्ये ती पुन्हा कोर्टवर उतरली. तिच्या २३ विजेतेपदांपैकी १० या आजारानंतरची आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. पण या आजाराने तिला एक गोष्ट कायमची शिकवली : एकदा गुठळी झालेल्या माणसाला ती पुन्हा होऊ शकते. फुप्फुसात गुठळी जाताना कसे वाटते, हे तिला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक झाले.

बाळ झाल्यावरचा दुसरा दिवस

जानेवारी २०१७ मध्ये पस्तीस वर्षांच्या सेरेनाने ऑस्ट्रेलियन स्पर्धा एकही सेट न गमावता जिंकली. अंतिम सामन्यात समोर बहीण व्हीनस होती. त्या वेळी सेरेना सुमारे दोन महिन्यांची गरोदर होती आणि ही गोष्ट अगदी मोजक्या लोकांना माहीत होती.

१ सप्टेंबर २०१७ रोजी फ्लोरिडात तिला मुलगी झाली. कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या कमी होऊ लागले, म्हणून तातडीने सिझर करावे लागले. बाळ सुखरूप होते. दुसऱ्या दिवशी सेरेनाला अचानक श्वास पुरेना. पूर्वीच्या आजारामुळे ती रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असे. शस्त्रक्रियेमुळे ते बंद ठेवले होते. तिच्या लगेच लक्षात आले. तिने नर्सला सांगितले की मला छातीचा सीटी स्कॅन हवा आणि हेपॅरिन हे गुठळीवरचे औषध शिरेतून सुरू करायला हवे. वेदनेच्या औषधाने ही गोंधळली आहे, असे नर्सला वाटले. सेरेनाने हट्ट सोडला नाही. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काही निघाले नाही. ती पुन्हा स्कॅनच मागत राहिली. अखेर स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या.

पुढे संकटांची रांगच लागली. गुठळ्यांमुळे आलेल्या जोराच्या खोकल्याने सिझरचे टाके उसवले. पोटात रक्त साठले. पुन्हा शस्त्रक्रिया. नव्या गुठळ्या फुप्फुसापर्यंत जाऊ नयेत म्हणून पोटातील मोठ्या शिरेत जाळी बसवावी लागली. घरी गेल्यावर ती सहा आठवडे अंथरुणावर होती. हे सारे तिने नंतर स्वतः जाहीरपणे सांगितले आणि लिहिले.

ही चूक आमच्याही हातून झाली

हे सारे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही त्या अमेरिकन नर्सवर रागावलो नाही. आम्ही मान खाली घातली. कारण आम्ही नर्स होतो आणि हेच आम्हीही केले आहे.

डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलो होतो. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि खाटांवर व खाली गाद्या टाकून मिळून पन्नासेक बाळंतिणी. सिझर होऊन तिसरा दिवस असलेल्या एका मुलीची आई आली. म्हणाली, “सिस्टर, पोरीचा जीव घाबरा होतोय.” आम्ही नोंदवहीतून मान वर न करता सांगितले, “गॅस झाला असेल, कुशीवर झोपवा.” तासाभराने ती पुन्हा आली. आम्ही चिडलो. “एवढ्या बाया आहेत वॉर्डात, तुमचीच काय कटकट?” ती बाई ओशाळून परत गेली. पहाटे सीनियर सिस्टर फेरीला आल्या तेव्हा ती तिसऱ्यांदा दारात उभी होती. सिस्टर काही न बोलता तिच्याबरोबर गेल्या. मुलीच्या छातीवर नजर ठेवून घड्याळात पुरते एक मिनिट श्वास मोजले. छत्तीस भरले. मग ऑक्सिजन, डॉक्टरांना बोलावणे, मोठ्या रुग्णालयात रवानगी. पोटरीतली गुठळी फुप्फुसात गेली होती. ती मुलगी वाचली, पण आमच्यामुळे नव्हे. तिची आई दोनदा झिडकारली जाऊनही तिसऱ्यांदा उठली, म्हणून वाचली.

कामाचा ताण होता, हे खरे. पण ताण सगळ्याच रुग्णांच्या वेळी असतो. चांगली साडी नेसलेली, दोन इंग्रजी शब्द बोलणारी बाई आली असती तर आम्ही उठलो नसतो का? केसपेपरवरचे आडनाव आणि वस्तीचा पत्ता वाचून आवाज कसा बदलतो, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. आम्ही तर त्याच वस्तीतून शिकून वर आलो होतो. तरी पांढरा गणवेश अंगावर चढल्यावर आमचा आवाजही तसाच झाला होता. श्वास मोजायला एक मिनिट लागते. तेवढे एक मिनिट आम्ही दिले नाही.

अमेरिकेतील सरकारी आकडेवारी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवते. तिथे गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण्याचे काळ्या स्त्रियांचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. पदवीधर काळ्या स्त्रियांचे मृत्युप्रमाणही शाळा अर्धवट सुटलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळले आहे. म्हणजे हा केवळ गरिबीचा किंवा अडाणीपणाचा प्रश्न नाही. बाईचे म्हणणे खरे मानले जाते की नाही, हाही प्रश्न आहे. सेरेनाकडे आजाराचे ज्ञान होते, आग्रह धरण्याचे बळ होते आणि तिचे नाव मोठे होते. तरी तिला पुन्हा पुन्हा मागणी करावी लागली.

आई होऊन परतली तेव्हा

सेरेना २०१८ साली पुन्हा खेळू लागली. बाळंतपणाच्या काळात स्पर्धा न खेळल्याने पहिल्या स्थानावर असलेली सेरेना जागतिक क्रमवारीत घसरली होती. फ्रेंच स्पर्धेच्या वेळी तिचा क्रमांक ४५१ होता. आघाडीच्या खेळाडूंना मानांकन दिले जाते, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांत त्या एकमेकींसमोर येत नाहीत. सेरेनाला ते मिळाले नाही. आई होणे ही जणू तिची चूकच ठरली. त्याच स्पर्धेत ती अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालून उतरली. गुठळ्या होऊ नयेत, पायांतले रक्त वाहते राहावे म्हणून तो उपयोगी असल्याचे तिने सांगितले. काही महिन्यांनी फ्रेंच टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी असा पोशाख यापुढे चालणार नाही, असे जाहीर केले.

पण आता अनेक जण तिच्या बाजूने बोलू लागले होते. डिसेंबर २०१८ मध्ये महिला टेनिस संघटनेने नियम बदलले. बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूला बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांपर्यंत आपली जुनी क्रमवारी काही स्पर्धांत प्रवेशासाठी वापरता येईल, असे ठरले. तसा घट्ट पोशाख घालायलाही हरकत राहिली नाही.

हे वाचून बाबासाहेबांची आठवण होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने ठामपणे बोलले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईने सोसायचा नसतो, मालकाने आणि सरकारने त्यात वाटा उचलायचा असतो, हा विचार आपल्याकडे तेव्हापासून आहे. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण आपल्या वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई सव्वा महिना झाला की कामावर हजर असते, नाहीतर काम दुसरीला जाते. टेनिसच्या राणीचा क्रमांक गेला, आपल्या बाईची चार घरे जातात.

परतल्यावर सेरेना २०१८ आणि २०१९ मध्ये चार ग्रँड स्लॅम अंतिम सामने खेळली. चारही हरली. जानेवारी २०२० मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडची स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाची रक्कम ऑस्ट्रेलियातील वणव्याच्या मदतीसाठी दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन स्पर्धेत, तेवीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली त्याच स्पर्धेत, ती अखेरचा सामना खेळली. त्या वेळी ती चाळिशीत होती. २०२३ साली तिला दुसरी मुलगी झाली.

आपल्या घरात काय करायचे

गरोदरपणात रक्तातला गोठण्याचा गुण निसर्गतःच वाढतो. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा, ही निसर्गाची सोय आहे. पण त्यामुळेच शिरेत गुठळी होण्याचा धोका इतर वेळेपेक्षा चार-पाच पट होतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो. सिझर झालेली, वय पस्तीसपेक्षा जास्त असलेली, वजन फार असलेली, आधी गुठळी होऊन गेलेली, खूप रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झालेली, अनेक दिवस पडून असलेली बाळंतीण, अशांना धोका अधिक. घाबरून जायचे कारण नाही. बहुतेक बाळंतिणींना असे काही होत नाही. आपल्याकडे रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग यांनी जास्त माता दगावतात. पण गुठळी ओळखता आली तर जीव वाचतो.

ही लक्षणे दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका :

– अचानक दम लागणे, बोलताना वाक्य तुटणे.
– खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे.
– छाती धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येऊन पडणे.
– एकाच पायाला, विशेषतः डाव्या, सूज येणे; पोटरी दुखणे, गरम किंवा लाल होणे.
– याशिवाय : तासाभरात पॅड किंवा कापड पूर्ण भिजेल इतके रक्त जाणे, झटके येणे, सहन न होणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, थंडी वाजून ताप आणि घाण वास येणारा स्राव.

श्वास मोजायला कोणालाही येते. बाळंतीण शांत पडलेली असताना तिच्या छातीची वर-खाली हालचाल मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर दवाखाना गाठा. ३० च्या वर असतील तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आता आपल्या काही जुन्या समजुतींबद्दल. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, असे अजूनही अनेक घरांत चालते. पाणी कमी पडले की रक्त घट्ट होते. तिला तहान लागेल तेवढे पाणी द्या, ताक आणि डाळीचे पाणीही द्या. सव्वा महिना खाटेवरून उतरू द्यायचे नाही, हेही चुकीचे. सिझर झाले तरी डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील तसे लवकर उठवून चालवावे. अंथरुणात असताना पायाचे पंजे वर-खाली हलवत राहावे. बाळंतिणीची मालिश ही आपल्या आजी-मावश्यांची माया आहे. पण एकच पाय सुजला आणि दुखत असेल तर त्या पायाला हात लावू नका, चोळू नका. आतली गुठळी सुटू शकते.

गुठळीवर औषधे आहेत. वेळेत सुरू केली तर बहुतेक बाया बऱ्या होतात. हेपॅरिनचे इंजेक्शन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते. मात्र रक्त पातळ करणारे कोणतेही औषध मेडिकलमधून मनाने आणून घेऊ नये आणि डॉक्टरांनी दिलेले मनाने बंदही करू नये. जास्त घेतले तर रक्तस्राव होतो, बंद केले तर गुठळी परतते.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांतही हा आजार आहे. सेरेनाला सिकलसेल नव्हता, तिची कारणे वेगळी होती. पण सिकलसेलच्या रुग्णाला गुठळ्यांचा धोका मुळातच अधिक असतो आणि गरोदरपणात तो आणखी वाढतो. १९७१ पासून ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती, कारण सरकार त्याकडे लक्ष देत नव्हते. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. लग्न ठरवण्यापूर्वी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत ती करून घ्या. सिकलसेलचा आजार असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे आणि दम लागणे किंवा छातीत दुखणे एक क्षणही दुर्लक्षू नये.

ऐकून घेईपर्यंत कसे बोलायचे

सेरेनाने नेमके सांगितले : काय होते आहे, काय झाल्याची शंका आहे, कोणती तपासणी हवी. आपणही तसेच बोलू शकतो. “कसंतरी होतंय” एवढ्यावर थांबू नका. असे सांगा : “सिझर होऊन चौथा दिवस आहे. तासाभरापासून दम लागतोय. मिनिटाला बत्तीस श्वास मोजलेत. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली नाही ना, ते तपासा. डॉक्टरांना बोलवा.” आकडा सांगितला की समोरच्याला मान वर करावीच लागते. हे आम्ही नर्स म्हणून सांगतो.

ऐकले नाही तर केसपेपरवर वेळ आणि तक्रार लिहून घ्यायला सांगा. वरिष्ठ सिस्टर, ड्युटीवरचे डॉक्टर यांच्याकडे जा. बाळंतिणीजवळ असा एक माणूस ठेवा, जो भिडस्त नाही. आधी कधी गुठळी झाली असेल, सिकलसेल असेल, घरात कोणाला असा आजार असेल, तर ते पहिल्याच तपासणीला सांगा आणि कार्डावर ठळक लिहून घ्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, तपासण्या आणि ने-आण मोफत मिळणे हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तुमचा हक्क आहे. रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आशाताई दीड महिन्यात सहा वेळा घरी येतात. त्या बाळाचे वजन करत असतील तेव्हा बाळंतिणीचे पायही त्यांना दाखवा.

भगवान बुद्धांनी आजारी पडलेल्या, घाणीत एकट्याच पडलेल्या भिक्खूला आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. आजारी माणसाकडे पाठ न फिरवणे हा आपला धम्म आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने दहा मिनिटे काढावीत. एकमेकींचे श्वास घड्याळ लावून मोजायला शिकावे. वस्तीत कोण गरोदर आहे, कोण बाळंतीण आहे, तिच्याबरोबर रुग्णालयात कोण जाणार, हे ठरवून टाकावे. आणि रुग्णालयात नोकरीला असलेल्या आपल्या मुलींनो, सिस्टरांनो, मावश्यांनो, तुम्हालाही एक विनंती. उद्या रात्रपाळीला दारात एखादी आई उभी राहिली तर तिला तिसऱ्यांदा यायला लावू नका.

जय भीम.